रीबूट, रीमेक की नुसता पुढचा भाग? विज्ञानकथांच्या चाहत्यांचे शब्द कसे वापरायचे

जुन्या विज्ञानकथा मालिकेचं नाव घेऊन काहीही नवं जाहीर झालं की बातमीत ‘रीबूट’ हा शब्द ठरलेलाच. ‘डॉक्टर हू’ २००५ मध्ये परत आली, तिला रीबूट म्हटलं गेलं. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ २००३ मध्ये नव्याने सुरू झाली, तीही रीबूट. २००९ चा ‘स्टार ट्रेक’ चित्रपट रीबूट आणि १९८४ चा गॉडझिलाही रीबूट. या चारांपैकी पूर्ण अर्थाने रीबूट एकच आहे. उरलेल्या तिघांत लेखकांनी तीन वेगळ्याच गोष्टी केल्या आहेत. त्या ओळखता आल्या की कुठून पाहायला सुरुवात करायची, काय अपेक्षा ठेवायची आणि कशाबद्दल तक्रार करणं रास्त आहे, हे सगळं ठरवणं सोपं जातं.

हा शब्द संगणकातून आला. संगणक रीबूट केला की चालू स्मृती पुसली जाते, डिस्कवर साठवलेलं मात्र जागेवर राहतं. कथेतही तेच होतं. पात्रांची नावं, त्यांचं जग, त्यांच्यातला मूळ संघर्ष टिकतो आणि त्यांच्या आयुष्यात घडून गेलेल्या घटना पुसल्या जातात. त्यामुळे कसोटी एकच आहे: जुन्या कथेत जे घडलं, ते नव्या कथेतल्या पात्रांच्या आयुष्यात घडलेलं आहे का? नट बदलले, यानाची रचना बदलली, प्रकाशयोजना काळोखी झाली, याने काहीही सिद्ध होत नाही.

‘गॅलॅक्टिका’ला ही कसोटी लावून पाहा. १९७८ च्या मालिकेत सायलॉन हे यंत्रसैनिक एका सरपटणाऱ्या परग्रहीय जमातीने बनवलेले होते. २००३ मध्ये ते माणसानेच बनवलेले, माणसावर उलटलेले आणि चाळीस वर्षांच्या युद्धबंदीनंतर परत आलेले आहेत. शिवाय त्यांच्यातले काही हुबेहूब माणसासारखे दिसतात. स्टारबक हा पुरुष वैमानिक नव्या मालिकेत स्त्री आहे. जुन्या मालिकेतली एकही घटना या लोकांना आठवत नाही, कारण ती त्यांच्या जगात घडलेलीच नाही. हे स्वच्छ रीबूट. नव्या मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर यांना स्वतःला मात्र ‘पुनर्कल्पना’ हा शब्द जवळचा होता.

रीमेक आणि रीबूट यांची गल्लत सर्वांत जास्त होते. रीमेक एका कथेचा असतो, रीबूट मालिकेचा. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चं उदाहरण यासाठी उत्तम आहे, कारण तिथे दोन्ही सापडतात. १९६८ च्या चित्रपटात अंतराळवीर वानरांच्या राज्यात जाऊन पडतो. २००१ च्या चित्रपटाने शेवट बदलला, पण तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तो रीमेक. २०११ मध्ये मात्र सुरुवातच एका प्रयोगशाळेतल्या औषधापासून आणि सीझर नावाच्या चिंपांझीपासून झाली, आणि त्या धाग्यावर २०१४, २०१७ आणि २०२४ मध्ये पुढचे चित्रपट उभे राहिले. जुना कथाभाग परत न सांगता नवी साखळी सुरू केली, म्हणून ते रीबूट.

उरलेले तिघे काय आहेत?

‘डॉक्टर हू’चं उत्तर सोपं आहे. बीबीसीने ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू केली, १९८९ ला थांबवली, मध्ये १९९६ चा एक दूरचित्रपट झाला, आणि २००५ ला ती परत आली. २००६ च्या एका भागात सत्तरच्या दशकातली सारा जेन स्मिथ ही सहप्रवासी पुन्हा दिसते, तीच अभिनेत्री, तीच भूमिका, आणि तिला सगळं आठवतं. इतिहास एकच आहे, मध्ये फक्त खंड पडला. याला पुनरागमन म्हणावं. मुख्य नट बदलणं इथे निकष होऊच शकत नाही, कारण डॉक्टरचं शरीर बदलतं हा या जगाचाच नियम आहे आणि तो १९६६ पासून वापरात आहे.

२००९ चा ‘स्टार ट्रेक’ जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि माझ्या मते हस्तकौशल्य म्हणून जास्त रंजकही. २३८७ सालातला नीरो हा रोम्युलन (एका परग्रहीय जमातीचा), ज्याचा ग्रह तारास्फोटात नष्ट झाला आहे, आपल्या यानासह २२३३ मध्ये येऊन पडतो आणि केल्विन हे यान नष्ट करतो. त्याच दिवशी मालिकेचा नायक कर्क याचा जन्म होतो आणि त्याचे वडील मरतात. तिथून काळाची एक नवी फांदी फुटते. जुनी फांदी पुसली जात नाही. तिथूनच आलेला म्हातारा स्पॉक, कर्कचा जुना सहकारी, चित्रपटात आहे, लिओनार्ड निमॉय यांनीच साकारलेला, आणि त्याला जुनं सगळं आठवतं. पुढे २०२० ची ‘पिकार्ड’ ही मालिका २३८७ चा तो तारास्फोट आपल्या इतिहासातली घडलेली घटना म्हणून धरते. म्हणजे या चित्रपटाचा एक तुकडा मूळ इतिहासाचाच भाग आहे. याला फांदी म्हणणं सर्वांत अचूक. निर्मात्यांना रीबूटचे फायदे हवे होते (तरुण नट, कोरी पाटी, नव्या प्रेक्षकाला अडसर नाही) आणि जुन्या चाहत्यांच्या आठवणी रद्द करायच्या नव्हत्या. फांदी फोडल्यामुळे दोन्ही साधलं.

गॉडझिलाकडे येऊ. जपानी चित्रपटांची ही मालिका म्हणजे या विषयाची सर्वांत चांगली शाळा आहे, आणि तिचा उल्लेख या चर्चांत फार कमी होतो. पहिला चित्रपट नोव्हेंबर १९५४ चा. १९७५ पर्यंत एकूण पंधरा झाले आणि त्यांत गॉडझिला हळूहळू विध्वंसकाचा रक्षक झाला. १९८४ च्या चित्रपटाने १९५४ चा पहिला तेवढा खरा धरला आणि मधले चौदा बाजूला ठेवले. मग १९९९ ते २००४ या काळातल्या सहा चित्रपटांपैकी बहुतेकांनी हेच प्रत्येकी नव्याने केलं: पाया १९५४ चा, बाकीचं स्वतःचं. हे निवडक सातत्य. ‘टर्मिनेटर’ मालिकेतल्या २०१९ च्या चित्रपटाची पद्धतही हीच आहे. तो १९९१ नंतर थेट सुरू होतो आणि २००३, २००९, २०१५ चे तीन चित्रपट घडलेच नाहीत असं मानतो. गॉडझिलाचं खरं रीबूट पाहायचं तर २०१६ चा ‘शिन गॉडझिला’ पाहावा, जिथे जपानने असा प्राणी याआधी पाहिलेलाच नाही, किंवा २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’, जो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि लगेचच्या वर्षांत घडतो, म्हणजे १९५४ च्याही आधी.

कसोटी लावताना दोन सापळे सांभाळावे लागतात. जुना नट दिसला म्हणजे सातत्य आहे असं नाही. नव्या ‘गॅलॅक्टिका’त जुन्या मालिकेतला अपोलो, म्हणजे रिचर्ड हॅच, टॉम झॅरेक या संपूर्ण वेगळ्या भूमिकेत आहे. दुसरा सापळा याहून अवघड. विज्ञानकथेबाहेरचं उदाहरण घेतो: २००६ च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये बाँडला नुकताच परवाना मिळाला आहे, म्हणजे आधीचा सगळा इतिहास पुसला, तरी त्याची वरिष्ठ एम ही १९९५ पासून जुडी डेंच यांनी केलेली भूमिका त्यांच्याकडेच राहिली. अशा वेळी नटाकडे पाहू नये, घटनांकडे पाहावं. जुन्या चित्रपटांतली एकही मोहीम या बाँडच्या आयुष्यात घडलेली नाही, तेव्हा निकाल रीबूटचाच.

कॅनन आणि रेटकॉन

हे दोन शब्द समजल्याशिवाय वरची भांडणं कळत नाहीत. ‘कॅनन’ हा शब्द धर्मग्रंथांच्या चर्चेतून शेरलॉक होम्सच्या अभ्यासकांकडे आला. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सकथांचा अभ्यास धर्मग्रंथांसारखा गंभीर चेहऱ्याने केला, आणि पुढे कॉनन डॉयल यांच्या चार कादंबऱ्या व छप्पन्न कथा, एकूण साठ, म्हणजे कॅनन असं रूढ झालं. कॅनन म्हणजे ‘कथाजगात अधिकृतपणे घडलेलं’. चांगलं, आवडलेलं, मूळ लेखकाच्या मनातलं, यांपैकी कशाशीही त्याचा संबंध नाही. आवडलं नाही म्हणून एखादा चित्रपट ‘माझ्यासाठी कॅनन नाही’ असं म्हणता येतं, पण त्यासाठी ‘हेडकॅनन’ हा वेगळा शब्द चाहत्यांकडे आहे.

आज हा निर्णय सहसा हक्कधारक कंपनी घेते. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि खेळ यांचा मोठा साठा यापुढे ‘लेजंड्स’ या नावाखाली राहील. पुस्तकं विक्रीतच राहिली, पण त्यांतल्या घटना नव्या चित्रपटांवर बंधनकारक उरल्या नाहीत. अनेक वाचकांनी ती वीस-वीस वर्षं जपून वाचली होती. त्यांचा राग समजण्याजोगा होता, पण त्यालाही रीबूट म्हणणं चूक होतं: जुने चित्रपट जसेच्या तसे कॅनन राहिले, वगळली गेली ती भोवतालची शाखा.

‘रेटकॉन’ म्हणजे आधी सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ मागाहून बदलणं. मूळ शब्दप्रयोग ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह कंटिन्यूइटी’. कॉमिक्समध्ये तो रॉय थॉमस यांनी १९८३ मध्ये ‘ऑल-स्टार स्क्वॉड्रन’च्या पत्रव्यवहाराच्या पानावर वापरला. कृती मात्र फार जुनी आहे. डॉयल यांनी १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात मारलं आणि १९०३ मध्ये तो पडलाच नव्हता असं सांगून परत आणलं. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सांगतो की खलनायक व्हेडरने त्याच्या वडिलांना मारलं, १९८० मध्ये व्हेडर स्वतःच वडील निघतो, १९८३ मध्ये ओबी-वानला आपलं वाक्य ‘एका दृष्टीने खरं’ होतं असा खुलासा करावा लागतो. रेटकॉन हा दोष नाही. व्हेडरचा रेटकॉन नसता तर त्या मालिकेचा कणाच उरला नसता.

वाईट रेटकॉन कसा असतो? बहुतेक वेळा कोणी न विचारलेल्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर. साठच्या दशकातल्या ‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन, म्हणजे एक परग्रहीय लढवय्यी जमात, सपाट कपाळाचे होते, कारण पैसे कमी होते. १९७९ च्या चित्रपटात त्यांना उंचवट्यांचं कपाळ मिळालं. १९९६ च्या एका भागात जुन्या क्लिंगॉनांबद्दल विचारल्यावर वॉर्फ हा क्लिंगॉन एवढंच म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी त्यावर बोलत नाही. ते पुरेसं होतं आणि छान होतं. २००५ मध्ये मात्र जनुकीय विषाणूची दोन भागांची कहाणी रचली गेली. मेकअपच्या खर्चाला कथेतलं कारण जोडल्याने काय मिळालं, हे मला अजून उमगलेलं नाही.

रीबूट का करतात आणि ते कुठे फसतं

पहिलं कारण प्रवेशाचा अडसर. शेकडो भाग झालेल्या मालिकेत नवा प्रेक्षक पाय ठेवायला बिचकतो. दुसरं, नटांचं वय आणि मानधन. तिसरं कारण चाहत्यांना कमी दिसतं: हक्कांचे करार. पात्राचे चित्रपटहक्क अनेकदा मुदतीवर दिलेले असतात. ठरावीक काळात निर्मिती सुरू झाली नाही तर हक्क मूळ मालकाकडे परत जातात. ‘फँटॅस्टिक फोर’वर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हक्क सुटू नयेत म्हणून अत्यल्प खर्चात एक चित्रपट बनला आणि तो कधीच अधिकृतपणे प्रदर्शित झाला नाही. त्याच पात्रांवर पुढे २००५, २०१५ आणि २०२५ मध्ये तीन वेळा नवी सुरुवात झाली. स्पायडरमॅनची २००२, २०१२ आणि २०१७ अशी पंधरा वर्षांत तीनदा झाली.

फसतं ते बहुधा अर्धवट पुसल्यामुळे. डीसी कॉमिक्सने १९८५-८६ मध्ये बारा अंकांची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ काढून आपली अनेक समांतर विश्वं एका विश्वात आणली. मग १९८६ मध्ये सुपरमॅनची सुरुवात नव्याने लिहिताना ठरलं की तो लहानपणी कधी सुपरबॉय नव्हताच. निर्णय एका पात्रापुरता वाटतो. पण भविष्यातल्या वीरांची ‘लीजन’ ही संघटना सुपरबॉयच्याच प्रेरणेने निघालेली होती आणि तिचं मासिक चालू होतं. पायाच निघाल्यावर लेखकांना घाईने एक छोटं खिशातलं विश्व बनवून ‘तो सुपरबॉय तिथला होता’ असं ठिगळ लावावं लागलं. २०११ मध्ये त्याच कंपनीने बावन्न मासिकं पहिल्या क्रमांकापासून सुरू केली आणि जाहीर केलं की वीर जगापुढे येऊन पाचेक वर्षंच झाली आहेत. बॅटमॅनचं मासिक चांगलं खपत असल्याने त्याचा जुना इतिहास बराचसा तसाच ठेवला. परिणाम: पाच वर्षांत चार रॉबिन (बॅटमॅनचे तरुण साथीदार), त्यांतला एक दहा वर्षांचा सख्खा मुलगा. वाचक गणित करतात. ज्या घटना टिकवायच्या त्यांची यादी आणि कालरेषा आधी न लिहिता रीबूट जाहीर केलं की हे होणारच.

दुसरी चूक म्हणजे जुन्या आठवणीवर नव्या प्रसंगाचा भार टाकणं. २०१३ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये खलनायक आपलं नाव खान असल्याचं सांगतो आणि दृश्य असं रचलं आहे की जणू वीज कोसळली. पण या फांदीतल्या कर्कने ते नाव कधी ऐकलेलं नाही. धक्का फक्त १९६७ चा भाग आणि १९८२ चा चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला बसतो, पात्राला नाही. पडद्यावरच्या माणसाला काहीच वाटायचं कारण नसेल तर तो प्रसंग कथेचा नाही, नुसता निर्देश आहे. उलट बाजूला, २०१७ च्या स्पायडरमॅनने कोळ्याचा चावा आणि काकाचा मृत्यू पुन्हा दाखवलाच नाही. प्रेक्षकाला ते पाठ आहे हे ओळखून वाचवलेला वेळ शाळकरी मुलावर खर्च केला. फार शहाणा निर्णय होता तो.

शब्द झिजतात ते कसे

ही शब्दावली गरजेतून जन्मली. ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक १९२६ मध्ये निघालं आणि त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासह छापली जात. पत्ते मिळाल्यावर वाचक एकमेकांना थेट लिहू लागले, सायक्लोस्टाइल केलेली हौशी नियतकालिकं काढू लागले, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. ‘फॅनझीन’ हा शब्द १९४० चा. कागद, शाई आणि टपाल स्वतःच्या खिशातून भरणाऱ्यांना एका शब्दात एक परिच्छेद बसवणारे शब्द हवे होते.

अर्थ बदलला म्हणजे शब्द झिजला असं नाही. ‘स्पेस ऑपेरा’ ही विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये रद्दड अंतराळकथांना दिलेली शिवी होती. आज ते भव्य अंतराळकथांच्या प्रकाराचं मानाचं नाव आहे, आणि ते ऐकून काय वाचायला मिळेल हे अजूनही नेमकं कळतं. शब्द झिजतो तो वेगळ्या गोष्टी वेगळ्या करायचं थांबवल्यावर.

‘मेरी स्यू’ची गत पाहा. पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये एका ‘स्टार ट्रेक’ फॅनझीनमध्ये छोटं विडंबन लिहिलं: साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी स्यू, ताफ्यातली सर्वांत लहान अधिकारी, जिच्यावर सगळे भाळतात आणि जिच्या मृत्यूवर सगळे रडतात. रोख होता हौशी कथांमधल्या एका ठरावीक दोषावर: लेखिकेने स्वतःला कथेत घालायचं आणि सगळं जग त्या पात्राभोवती वाकवायचं. आज कोणतीही कर्तबगार नायिका दिसली की हा शब्द फेकला जातो. मूळ दोष शोधायचा असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात. तिच्या कौशल्याची किंमत कथेत कुठे मोजली जाते का? तिच्या सहवासात इतर पात्रं अचानक मूर्ख होतात का? तिच्या चुकांचा काही परिणाम होतो का? कुशल असणं हा यांपैकी कशातच बसत नाही. आणि हे प्रश्न पुरुष पात्रांनाही लावून बघावेत; बरेच लाडके नायक नापास होतात.

‘प्लॉट होल’चंही तसंच. कथेने स्वतः सांगितलेल्या नियमाचं कथेनेच केलेलं उल्लंघन म्हणजे प्लॉट होल. पात्राने घाबरून चुकीचा निर्णय घेतला, हे प्लॉट होल नाही. प्रवासाला किती दिवस लागले ते दाखवलं नाही, हेही नाही. लेखकांच्या बाजूला अशीच झीज तांत्रिक शब्दांची होते. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’च्या पटकथांत लेखक कित्येक ठिकाणी नुसतं ‘टेक’ असं लिहून जात आणि शास्त्रीय सल्लागार नंतर तिथे कण, क्षेत्रं आणि किरण भरत. जिथे शब्द असा भरता येतो, तिथे अडचण आणि तोडगा दोन्ही पोकळ असतात. क्वांटम हा शब्द काढून वाक्य वाचावं. काहीच बदललं नाही, तर तो तिथे कामाचा नव्हता.

रीबूटलाही हाच उपाय लागू पडतो. तो शब्द खोडून त्या जागी वाक्य लिहायचं: काय ठेवलं, काय पुसलं. ‘पहिला चित्रपट ठेवला, बाकी पुसलं’ एवढ्या पाच शब्दांत वाचकाला सगळं कळतं.

आणि पाहायचा क्रमही त्यावरूनच ठरतो. रीबूटच्या आधी काहीच पाहावं लागत नाही. २००३ ची ‘गॅलॅक्टिका’ थेट सुरू करावी, फक्त आधी तीन तासांची लघुमालिका आणि मग २००४ चा पहिला हंगाम, कारण हंगाम त्याच लघुमालिकेच्या पुढे सुरू होतो. पुनरागमनात पहिला नवा भाग पुरतो, जुनं नंतर चवीने बघता येतं. फांदीसाठी मूळ झाडाची ओळख हवी: २००९ च्या आधी साठच्या दशकातले चार-पाच भाग आणि १९८२ चा चित्रपट. निवडक सातत्यात मात्र पायाचा चित्रपट चुकवू नये. १९५४ चा गॉडझिला बघून घेतला की १९८४ चा किंवा १९९९ नंतरचा जवळपास कोणताही उचलावा. फक्त २००२ आणि २००३ चे दोन एकमेकांना जोडलेले आहेत, ते त्याच क्रमाने बघावेत.